चार नंबरचे नियम

सूचना क्र. १०७

सर्व नऊ इमारतींतील रहिवाशांस कळविण्यात येते की, चार नंबर इमारतीत गेली दोन वर्षे लागू असलेले नियम संपूर्ण कंपाउंडास लागू करण्याचा व श्री. वैभव मेस्त्री यांस रहिवासी संघाचे मुख्य समन्वयक नेमण्याचा ठराव आज रविवारी सायंकाळी पाच वाजता मांडला जाईल. नऊही इमारतींत निम्म्याहून अधिक खोल्यांची संमती आवश्यक. वहीतील सही ही संमती समजली जाईल. सलग तीन सूचनांवर सही नसलेली खोली गैरहजर धरली जाईल. गैरहजर खोलीस मत नाही, व पुनर्विकासाच्या पात्र यादीत तिचे नाव येणार नाही.

चिटणीस

चिटणीस म्हणजे अनुजा लाड. चार नंबर, दुसरा मजला, खोली अकरा. गिरगावात एका वकिलाच्या ऑफिसात बावीस वर्षं टायपिंग करून तिची भाषा अशी झाली होती की घरच्या वाणसामानाची यादीसुद्धा ‘खालीलप्रमाणे’ म्हणून सुरू व्हायची. ही सूचना तिने शनिवारी ऑफिसातून आल्यावर, गॅसवर आमटी उकळत असताना एका दमात लिहिली. वैभवला फोनवर वाचून दाखवली. तो म्हणाला, “अनु, तू लिहिलंस की असं वाटतं, हे आधीपासूनच होतं.”

तिला बरं वाटलं होतं. ते नाकारण्यात अर्थ नाही.

आता रविवारचे दुपारचे अडीच वाजले होते आणि ती सात नंबरच्या दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीत, काखेत वही घेऊन उभी होती. समोर खोली एकोणीस. लवू कांदळगावकर, वय अठ्ठ्याहत्तर. तिचे बाबा. एकशेपाचपासून सूचना नऊही इमारतींत फिरत होत्या; एकशेपाचवर त्यांची सही नव्हती. एकशेसहावर नव्हती. ही तिसरी.

पाच वाजेपर्यंत त्या चौकोनात सही आली नाही, तर जिथे ती जन्मली ती खोली कागदावर रिकामी होणार होती. आणि ती तशी होईल हे तिनेच, खालीलप्रमाणे, लिहून ठेवलं होतं.

वहीची रीत सांगायला हवी. लालबागच्या या कंपाउंडात ती आजोबांच्या काळापासून आहे. दर इमारतीचं एक लांबट रजिस्टर, एका पानावर मजकूर, समोरच्या पानावर खोल्यांचे आकडे आणि आकड्यांपुढे चौकोन. वही कुणी घेऊन फिरत नाही. पहिल्या खोलीत दिली की ती आपोआप एका दारातून दुसऱ्या दारात जाते. माणसं दाढीचा फेस गालावर असताना सही करतात, चौकटीवर वही दाबून करतात, पिठाच्या हाताने करतात. वाचत कुणी नाही. फार तर विचारतात, पाण्याचं आहे का? आणि शेजारचं दार बंद असलं तर त्यांच्या चौकोनातही आपणच सही करून टाकतात. शेजारच्याची दुधाची पिशवी आत घेऊन ठेवावी, तशी. त्यात लबाडी नव्हती, शेजारधर्म होता. सही म्हणजे काय, तर वही इथून गेली.

सही म्हणजे संमती, हे चार नंबरमध्ये ठरलं.

सूचना क्र. ६१ (दोन वर्षांपूर्वीचा मे महिना)

पंप दुरुस्तीच्या निकडीमुळे समितीचे सर्व अधिकार केवळ तीन महिन्यांसाठी श्री. वैभव मेस्त्री यांस देण्यात येत आहेत.

पंप जळला होता. बारा दिवस. चार नंबरची समिती सात जणांची, आणि सातांची तोंडं सात दिशांना. मिस्त्री कुणाचा आणायचा यावर चार बैठका झाल्या. चौथ्या बैठकीत कोरम भरला नाही, कारण माणसं टँकरच्या रांगेत उभी होती.

वैभव तेव्हा उठला. भिवंडीला एका कुरिअर कंपनीचं गोडाऊन सांभाळणारा माणूस. ट्रक कधी सुटणार हे ज्याला मिनिटावर ठाऊक असतं, तसला. अनुजाच्याच वर्गातला, महापालिकेच्या शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसून तिच्या वेण्या मोजणारा. म्हणाला, मला तीन महिने द्या. पाणी नाही आलं तर चप्पल काढा. पाणी तिसऱ्या दिवशी आलं. सहा ते साडेसात, घड्याळ लावावं इतकं नेमकं.

मग जिने धुतले जाऊ लागले. जिन्याच्या वळणावर कॅमेरे आले. गच्चीची किल्ली एकाच माणसाकडे राहिली, त्यामुळे ती हरवेना. गॅलरीत चारापेक्षा जास्त जणांनी उभं राहून गप्पा मारू नयेत असं निघालं तेव्हा लोक हसले, पण मुलांच्या परीक्षा होत्या, पाळलं. तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचे ‘पुढील सूचनेपर्यंत’ झाले. प्रत्येक वेळी वही फिरली, प्रत्येक वेळी सह्या आल्या. अनुजाचा नवरा दीपक म्हणायचा, बाकी काय का असेना, मी अंघोळ करून कामाला जातो.

कोरमचं दुखणं मात्र राहिलं होतं. शिफ्टवाले, नोकरीवाले, गावाला गेलेले. चोवीस खोल्यांतून तेरा माणसं कधी जमायची नाहीत. उपाय अनुजाने काढला. जे सलग तीनदा सही करत नाहीत त्यांना गैरहजर धरा, आणि गैरहजर एकूण संख्येत मोजूच नका. कोरम आपोआप भरतो. वैभवने तिच्याकडे असं पाहिलं होतं, जसं शाळेत तिचं गणित पहिलं सुटल्यावर पाहायचा.

पहिली गैरहजर निघाली जाईबाई. खोली तीन. भातलावणीला म्हणून देवगडला गेली ती पावसाळाभर राहिली. परत आली तर पाण्याच्या पाळीत तिचं नाव नाही. अनुजासमोर उभी राहून हसली, “गैरहजर? मी तर हय उभी आसय गो.” अनुजाने तिला नियम समजावून सांगितला. शांतपणे, मोठ्या अक्षरांत, दोनदा. जाईबाई दिवाळीपर्यंत शेजाऱ्यांकडून हंडे भरत राहिली आणि मग मुलाकडे नालासोपाऱ्याला गेली. खोलीला कुलूप आहे. सूचना क्र. ८८.

अनुजाने त्या सूचनेचं पान त्यानंतर कधी उलटून पाहिलं नाही.

बाबा कॉटवर बसून शेंगा सोलत होते. तिने वही उघडून मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि मजकूर पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला, ओठ हलवत. वाचून झाल्यावर वही मिटून तिच्याकडे सरकवली आणि पुन्हा शेंगा सोलू लागले.

तिने सगळं सांगून पाहिलं. बिल्डरला नऊ समित्यांशी बोलायचं नाही, एकाच माणसाशी बोलायचंय. नऊ तोंडं राहिली तर अजून वीस वर्षं हे टेकू लावलेलं छप्पर. सही न करून वैभवचं काही बिघडणार नाही, बिघडेल ते तुमचं. खोली जाईल बाबा. आईची खोली.

त्यांनी विचारलं, हे मूळ चार नंबरसाठीच होतं ना?

हो, ती म्हणाली. फक्त चारसाठी. पाण्यासाठी.

मग ते बोलले. एरवी मिलचं नाव काढत नसत. काढलंच तर बोनसचं, नाहीतर भजनाचं.

“आमच्या मिलीत लघवीक जावचो बिल्लो पयलो साचेखात्यात, मागांवर इलो. पितळेचो. गळ्यात घालून जावचां. दोनच बिल्ले, अडीचशे माणसां. बाकीची खाती हसत होती. म्हणत, बरां झालां, साचेवाले लय टायमपास करीत.” त्यांनी एक शेंग फोडली, आत काही नव्हतं, ती बाजूला ठेवली. “सा महिन्यांनी अख्ख्या मिलीच्या गळ्यात.”

“बाबा, ही मिल नाही.”

“नाय. मिलीत बिल्लो मालकान काढल्यान. हयसर माझ्या चेडवान.”

लेकीला ते हे रागाने म्हणाले असते तर तिला भांडता आलं असतं. ते थकल्यासारखे म्हणाले. ती उठली. वही घेतली, कारण वर अजून पंचवीस खोल्या राहिल्या होत्या, आणि गॅलरीत आली.

गॅलरीत कुणी नव्हतं. पेन तिच्या हातात होतं. एकोणीस नंबरचा चौकोन कोरा होता, आणि बाबांची सही तिला डोळे मिटून येत होती. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर चारदा तिनेच केली होती. ल. वि. कांदळगावकर, शेवटच्या ‘र’ला लांब शेपूट. तिने पेनाचं टोपण काढलं.

टोपण लावलं.

पुन्हा काढलं.

वीस नंबरच्या दारातून मालनमावशीने डोकं बाहेर काढलं. डबे करते ती, पोळी-भाजीचे, रविवारीही. कोपरापर्यंत कणीक. तिने विचारलं, वही आली का, दे इकडे, मी करते नि पुढे देते. मावशी त्या दारात तीस वर्षं उभी होती. गेल्या वर्षी तिचा पाय मोडला तेव्हा वैभवने तिला खुर्चीत बसवून दोन जिने उतरवलं होतं, रुग्णवाहिका येण्याआधी. ती वैभवला ‘माझो झील’, माझा मुलगा, म्हणायची.

अनुजाने वही तिच्या हातात दिली. पळ काढला म्हणावं इतक्या घाईत जिना उतरली. पाचाला अजून वेळ होता. बाबा ऐकतील. किंवा काहीतरी होईल.

एक नंबर: झालं.
दोन: झालं.
तीन: झालं, दोन जास्तच.
चार: विचारायचं कारण नाही.
पाच: झालं.
सहा: झालं.
आठ: झालं.
नऊ: चार वाजता झालं.

वैभवने हे सगळं पाठकोऱ्या कागदावर लिहून टेबलावर ठेवलं होतं. संघाचं ऑफिस म्हणजे एक नंबरच्या तळमजल्यावरची जुनी व्यायामशाळा. पावणेपाच वाजले होते. बाहेर गणपतीच्या चौथऱ्यावर माइक लावत होते, त्याची खरखर आत येत होती.

“सात नंबर,” तो म्हणाला. “छप्पन्न खोल्या, एकोणतीस पाहिजेत. प्रिती वही घेऊन येतेय. माझ्या हिशोबाने अठ्ठावीस होतात. एकोणतिसावी तुझ्या हातात आहे.”

अनुजा म्हणाली, बाबा नाही म्हणतात.

“ते नाही म्हणणारच. त्यांच्या पिढीला ‘नाही’ म्हटल्याशिवाय जेवण पचत नाही.” तो हसला, त्याचं हसणं लोभस होतं, शाळेतही होतं. “अनु, आपण आयुष्यभर एकमेकांच्या सह्या केल्यात ना? तू कर. त्यांची खोली वाचते, माझं काम होतं. ह्याच्यात वाईट कोणाचं झालं, सांग.”

“आणि नाही केली तर?”

“तर नियम आहे.” त्याने खांदे उडवले. “तुझाच आहे. मी तर तीन महिन्यांसाठी आलो होतो, यार.”

प्रिती आली. चार नंबरची, कॉलेजात शेवटच्या वर्षाला, टायपिंग अनुजाकडेच शिकलेली. वही टेबलावर ठेवून बाजूला उभी राहिली. वैभवने पान काढलं, बोटाने चौकोन मोजत खाली गेला आणि थांबला. पुन्हा वरून मोजलं.

“एकोणतीस,” तो म्हणाला. वही तिच्याकडे फिरवली. “बघ. केली म्हाताऱ्याने. उगाच माझं डोकं खाल्लंस.”

एकोणीस नंबरच्या चौकोनात लिहिलं होतं: लवू.

नुसतं लवू. मोठ्या, एकेक ओढून काढलेल्या अक्षरांत, ‘ल’ जरा वाकडा, आणि कडेला कणकेचा डाग. त्याच्या खालच्या चौकोनातलं ‘मालन’ त्याच हातचं.

मावशीने दुधाची पिशवी आत घेतली होती.

अनुजाला पहिल्यांदा जे वाटलं ते सुटल्याचं. पाठीवरून कुणी पोतं उतरवून घेतल्यासारखं. खोली वाचली. तिने काही केलं नव्हतं, बाबांनी काही केलं नव्हतं, वैभवला काही माहीत नव्हतं. तिने फक्त गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसणं तिला चांगलं जमायचं, दोन वर्षं तिने लिहिण्याइतकंच ते केलं होतं.

“चल,” वैभव म्हणाला. “लोक जमले.”

नऊ इमारतींच्या नऊ सतरंज्या. तीही वैभवचीच कल्पना, मोजायला सोपं. अनुजा चौथऱ्यावर माइकपाशी, हातात सात नंबरची वही आणि बाकीच्या आकड्यांचा कागद. समोर उजवीकडे चारची सतरंजी. दीपक पुढेच मांडी घालून बसलेला. मधोमध सात नंबर. बाबा तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून आले होते. ते ठराव पडताना बघायला आले होते. हे तिला त्यांच्या बसण्यावरून कळलं. ताठ बसले होते.

तिने वाचायला सुरुवात केली. एक नंबर, चाळीस खोल्या, संमती सव्वीस. टाळ्या. दोन नंबर. टाळ्या. तिचा आवाज तिला स्वतःला चांगला वाटत होता. पाच. सहा. मध्ये कुणीतरी ओरडलं, पाण्याचं काय, आणि सगळे हसले, वैभवही हसला.

“सात नंबर. खोल्या छप्पन्न. संमती…”

बाबा तिच्याकडे बघत होते. तिच्या चौथीच्या बक्षीस समारंभाला ते असेच बसले होते, रात्रपाळी करून, न झोपता.

“अठ्ठावीस.”

वैभव तिच्या शेजारीच उभा होता. माइकपासून तोंड वळवून त्याने हळूच सांगितलं, एकोणतीस.

“वहीत एकोणतीस आहेत,” अनुजा माइकमध्ये म्हणाली. “एक सही त्या खोलीच्या माणसाची नाही. खोली एकोणीस. ते माझे वडील आहेत. त्यांनी सही केलेली नाही.”

खुसपुस सुरू झाली आणि थांबली. बाबांनी मान खाली घातली नाही, वर केली. पुढे काय होणार हे त्या दोघांना ठाऊक होतं, आणि तिला वाटलं, ते हे माझ्यासाठी सोपं करतायत.

वैभवने माइक तिच्या हातातून घेतला. ओढला नाही, घेतला.

“चिटणीसताईंचं कौतुक करा,” तो म्हणाला. “स्वतःच्या वडिलांचीसुद्धा चूक लपवली नाही. ह्याला म्हणतात शिस्त.” थोड्या टाळ्या पडल्या. “आता नियम काय सांगतो? एकशेपाच, एकशेसहा, एकशेसात. तीन झाल्या. एकोणीस नंबर गैरहजर. गैरहजर मोजायचे नसतात. म्हणजे खोल्या किती? पंचावन्न. संमती अठ्ठावीस. निम्मे साडेसत्तावीस. ठराव पास.”

या वेळी टाळ्या मोठ्या होत्या.

अनुजाला कळलं ते असं: तिने बाबांची खोली घालवली होती आणि ठराव तरीही झाला होता. तिच्याच कलमाने. कोरम भरावा म्हणून काढलेलं ते साधं, हुशार कलम. आता ते कुठल्याही आकड्यावर चालत होतं.

बाबा उठून जातील असं तिला वाटलं. ते गेले नाहीत. बाजूच्या माणसाने त्यांच्यापासून किंचित सरकून घेतलं, तेवढं दिसलं.

तिथे थांबला असता तर वैभव जिंकला होता. पण टाळ्यांनी त्याला पुढे नेलं. त्याने हात वर करून लोकांना गप्प केलं. म्हणाला, अजून एक गोष्ट. खोटी सही हा गुन्हा आहे. आज एक झाली, उद्या दहा होतील. कॅमेरे आपल्याकडे आहेतच, पण मला कॅमेरा बघायला लावू नका. ज्याने केली त्याने उभं राहावं. आणि आत्ताच सांगतो, खोटी सही करणारी खोलीही गैरहजर.

कुणी हललं नाही. आठ नंबरवाल्यांनी सात नंबरकडे पाहिलं. सात नंबरवाल्यांनी आपापल्या पायांकडे.

मालनमावशी उठायला वेळ लागला. मोडलेला पाय अजून नीट वळत नव्हता. शेजारणीच्या खांद्याचा आधार घेऊन ती उभी राहिली.

“मी केलंय,” ती म्हणाली. तिला माइकची गरज नव्हती, डबेवाल्यांना दुसऱ्या मजल्यावरून हाक मारणारा आवाज तो. “दार लोटलेलां होतां. म्हटलां, म्हातारो झोपलो आसतलो, रवान जायत. नेहमी करतोच मा आपण?”

काहीजण हसले. हसणं लगेच विरलं, कारण वैभव हसला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर एक क्षण शाळेतला वैभ्या आला, ज्याला चुकून कुणाला तरी लागलं की तोंड कसं करावं ते कळायचं नाही. पण तीनशे माणसं बघत होती.

“मावशी, तुम्ही मला आईसारख्या,” तो म्हणाला. “पण नियम सगळ्यांना सारखा. खोली वीस, गैरहजर. सही बाद.”

मावशी उभीच राहिली. तिला अजून नीट कळलं नसावं. अनुजाला मात्र आकडे आपोआप दिसतात, लहानपणापासून. आताही दिसले. तिने माइकसाठी हात पुढे केला नाही, नुसतंच मोठ्याने म्हटलं:

“मग चोपन्न. आणि संमती सत्तावीस.”

पहिल्या रांगांनी ऐकलं. मागच्यांनी विचारलं, काय म्हणाली?

“चोपन्नाचे निम्मे सत्तावीस. निम्म्याहून अधिक लागतात. सात नंबरची संमती नाही.” शब्द सूचनेतल्यासारखे एकामागून एक येत होते. “नऊही इमारतींची संमती आवश्यक. ठराव पडला.”

सात नंबरच्या सतरंजीवरून कुणीतरी एकच टाळी वाजवली आणि दुसरी वाजवायचं धाडस केलं नाही.

 वैभवने बोटं मोजली नाहीत, गोडाऊनचा माणूस, त्यालाही आकडे दिसतात. वर पाहिलं. आकाशाकडे नाही; नऊ इमारतींवरून नजर फिरवली, एक दोन तीन, ट्रक मोजावेत तशी. सातवर थांबली आणि पुढे गेली. अनुजाने ती नजर ओळखली. तिचं गणित सुटायच्या आधी तिचीही अशीच व्हायची.

“बरोबर आहे ताईंचं,” तो म्हणाला. आवाज पुन्हा मऊ. “सात नंबरने सही दिली नाही. सही दिली नाही म्हणजे काय? गैरहजर. मग नियम खोलीला एक नि इमारतीला दुसरा कसा? गैरहजर मोजायचे नसतात. इमारती किती? आठ. आठच्या आठ हो. ठराव एकमताने पास.”

पहिला सेकंद कुणालाच काही कळलं नाही. मग आठ सतरंज्यांवरून टाळ्या सुरू झाल्या, आधी चारवरून, मग सगळीकडे, आणि वाजवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे डोळे शेजारच्याच्या हातांकडे होते. दीपक वाजवत होता. त्याने अनुजाकडे पाहिलं, हात जरा हळू झाले, थांबले मात्र नाहीत.

सात नंबरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. एकाने विचारलं, म्हणजे आम्ही उठून जायचं का?

“अरे, उठता कशाला?” वैभव म्हणाला. खरंच प्रेमाने म्हणाला. “आपलीच माणसं तुम्ही. बसा, चहा येतोय. फक्त मोजणार नाही.”

पुढचं वाचायचं होतं: आठ नंबर, नऊ नंबर, मग नेमणूक, मग मुख्य समन्वयकांचे अधिकार, अ पासून ढ पर्यंत. सगळं तिच्या अक्षरात, काखेतल्या वहीत. वैभवने माइक तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही. तो चारच्या सतरंजीकडे बघून म्हणाला, प्रिती, ये बाळा, तू वाच, छापलेली प्रत आहे माझ्याकडे.

अनुजा चौथऱ्यावरून उतरली. तीन पायऱ्या. वही तिच्याकडेच होती, कुणी मागितली नाही. चारच्या सतरंजीवर तिच्यासाठी जागा ठेवलेली होती. ती पुढे गेली आणि सात नंबरच्या तिसऱ्या रांगेत, बाबा आणि मालनमावशीच्या मध्ये, जेमतेम मावेल इतक्या फटीत बसली. बाबांनी गुडघा वळवून तिला जागा दिली.  मावशी पुटपुटत होती, खोली नाय म्हणजे कसां, डबे खय करू, उद्याच्या भाजया आणून ठेवलंय.

प्रितीचा आवाज सुरू झाला. स्वच्छ वाचत होती, स्वल्पविरामाला थांबत होती. मुख्य समन्वयकांचा निर्णय हा सर्वसाधारण सभेचा निर्णय समजला जाईल.

अनुजाने वही मागून उघडली. शेवटचं पान कोरं होतं, आखलेलं होतं, आकडे नव्हते. तिने पेन काढलं. वरती काय लिहावं ते सुचेना, म्हणून तिने वरची ओळ सोडून दिली.

“मावशी,” तिने विचारलं, “तुमचं पूर्ण नाव काय?”

मावशी तिच्याकडे बघत राहिली. तीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं, अनुजानेही नाही. वहीत ती नेहमी वीस होती. चौथऱ्यावर प्रिती एका वाक्यावर अडखळली, कारण वैभवने तिला हाताने थांबवलं होतं. तो इकडे बघत होता.

“अनुजाताई,” माइकमधून आवाज आला, “काय लिहिताय?”

सतरंजीवरच्या सगळ्या माना वळल्या. मावशीने पदर सारखा केला आणि आवाज न चढवता, लिहिणाऱ्याला लिहिता यावं अशा बेताने, एकेक शब्द सुटा करून सांगू लागली.

“मालन. सोनू. घाडी. घाडीच लिव. घाडीगावकर सासरच्यांनी मगे लावल्यानी.”